अडुसष्ट त्रिक

"पंधरा साते?"

आण्णांच्या एका हातात उजळणीचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात भट्टीतली राख ओढायची सळई. मी ऐरणीच्या पलीकडं दोन्ही तळहात पुढं करून उभी होते. पंधरा सक नव्वदपर्यंत कशीबशी पोचले होते. पुढं सगळा अंधार.

"बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस व्हय?"

"पंच्याण्णव," मी म्हणाले.

आण्णांनी उजळणीत बघितलं आणि मग सळई मारली. त्यांची रीतच तशी होती. उत्तर ऐकलं की आधी पुस्तकात बघायचे, मग मारायचे. मधे एक श्वास घेण्याइतकी फट मिळायची आणि त्या फटीत दर वेळी मला वाटायचं, आज चुकून बरोबर आलं असेल. ते कधी आलं नाही.

"पुन्ना. पंधरा साते?"

"शंभर."

या वेळी सळई मनगटावर बसली, कारण मी हात मागं घेतला होता. हात मागं घेतला म्हणून आणखी एक पाठीत. मी भिंतीवर आदळले, फळीवरच्या सोनं वितळवायच्या दोन मुशी खाली पडून फुटल्या, आणि मुशी फुटल्या म्हणून पुन्हा एक.

पडद्यामागून आईचा आवाज आला, "राजे, हात धू. भाकरी झाली."

आमची घरची शाळा रोज अशी सुटायची.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आम्ही मूळचे सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हा आमचा धंदा. आमच्या भागातली निम्मी गावं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आमच्या वाट्याला तमिळ मुलखातलं सेलम आलं. पुढं दुकान, मधे पडदा, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागं तेजाबाची हंडी ठेवायचं परसदार.

शाळेनं मला आठवीत दुसऱ्यांदा नापास करून "आता पाठवू नका" असं सांगितलं होतं. बाकीचे विषय मी अर्धे समजून, अर्धे पाठ करून निभावून न्यायची. गणिताचा पेपर मात्र कोरा. सगळे मला ढ म्हणायचे आणि मीही स्वतःला ढ म्हणायची, कारण तेवढं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. मला येत होतं ते एकच. कसोटीच्या दगडावर सोनं घासलं की उठलेली रेघ बघून मी कस सांगायची. आण्णाही असेच नुसत्या डोळ्यानं सांगायचे, आणि सोनार म्हणायचे की पोरीनं बापाचे डोळे उचललेत. पण त्याचे मार्क कुठल्या पेपरात मिळतात?

धंद्याचा हिशेब तसा साधा. जेवढं सोनं, त्याच्या तिप्पट चांदी त्यात मिसळून वितळवायची, म्हणजे तेजाब सगळ्या भेसळीला खातं आणि शुद्ध सोनं तळाशी उरतं. आमच्या दुकानात मात्र याला जोडून एक नेम होता. सोन्याचं वजन झालं की आण्णा पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचे, "अगं, पन्नास!" थोड्या वेळानं आई वाटीत चांदी घेऊन यायची. चांदी म्हणजे लक्ष्मी, ती घरच्या बाईच्या हातूनच घ्यायची. म्हणून चांदीचा डबा आणि छोटा तराजू आईच्या फडताळात असायचा. इतर गलाईवाल्यांकडं असला नेम मी कधी बघितला नाही, पण आमचे आण्णा देवभोळे होते.

शाळा सुटल्यावर शेजारच्या सेल्वीअक्कांनी आईच्या डोक्यात एक गोष्ट घातली. मुक्त विद्यालय म्हणून काहीतरी असतं, पोरानं घरीच शिकायचं आणि परीक्षा बाहेरून द्यायची. ईरोडला त्याचं केंद्र होतं. आई जाऊन चौकशी करायला निघाली, तेवढ्यात गावाहून तात्यांचं पत्र आलं, मी पुस्तकं घेऊन येतोय, माझ्याशिवाय काही ठरवू नका.

तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. दुकान त्यांचं. आण्णांना मिसरूड फुटायच्या आत गावाहून आणून त्यांनीच धंद्याला लावलं होतं. ते आले ते गोणी घेऊनच. सातवीपर्यंतची मराठी पुस्तकं, आणखी एक जुनी उजळणी, त्यात पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी सगळं, आणि गोणीच्या तोंडातून बाहेर आलेला एक लांब फोक.

"आपल्याच बांधावरच्या चिंचंचा हाय," तात्या कौतुकानं म्हणाले. "हितला फोक असा लवत न्हाई, मोडतो."

रात्री जेवायला बसल्यावर शाळेचा विषय निघाला. आई तात्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची आणि त्यांच्याशी थेट कधी बोलायची नाही. थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. दोघं हाकेच्या अंतरावर, आणि मधे मी.

"राजे, तात्यांना सांग, मुक्त शाळंत विषय आपल्या मनानं निवडता येत्यात."

"राजे, तुझ्या आईला सांग, मुक्त म्हंजे मोकाट. दावं सुटल्यालं जनावर आन् ही शाळा, दोन्ही सारखंच."

"तात्यांना सांग, पोरीला मारून काय येत न्हाई. दीड वर्स झालं, मार खातीया."

तात्या हसले. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी आण्णांकडं हनुवटी केली. "मारून येत न्हाई? ह्याला इचार. हा तर हिच्याहून ठोंब्या होता. ह्याच भट्टीम्होरं उभा करून फोकानं सोलून काढलाय मी. एकदा तर दोन दिस हाताला घास धरता येत नव्हता. आला का न्हाई पाढा? आज दुकान चालवतूय का न्हाई?"

आण्णा खाली मान घालून जेवत राहिले. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. स्वतः एवढा मार खाल्लेला माणूस दुसऱ्याला का मारतो, हे मला कळत नव्हतं.

"आता माझं ऐका," तात्या आण्णांकडं बोट करून म्हणाले. "बाळ्याला पोरगा न्हाई. ही पोरगी हिशेबाला लागली तर हितं ऱ्हाईल, दुकान बघंल, कुठली शाळा ती तुमी ठरवा. न्हाई लागली तर संग घेऊन जातो. माझ्या मेव्हण्याचं पोरगं हाय, बोलणं करून ठेवलंय."

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. "राजे, तात्यांना सांग, पोर चौदाची हाय."

"तुझ्या आईला इचार, ती ह्या घरात आली तवा कितीची होती."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सेल्वीअक्कांबरोबर ईरोडला जायला निघाली.

आण्णा तिच्यामागं दारापर्यंत गेले. "आजच कशाला? उद्या जा की. आज सोन्याचा मोठा डाग यायचाय."

"फारम आजच देत्यात."

"आन् चांदी?"

"संध्याकाळच्याला येते की मी. तवर थांबवा," आई म्हणाली आणि गेली. आण्णा बराच वेळ दारातच उभे राहिले. त्यांना बायको नजरेआड झालेली चालत नाही, असं सेल्वीअक्का थट्टेनं म्हणायच्या. मलाही तसंच वाटलं.

डाग दुपारी आला. जुन्या बांगड्यांचा ढीग आणि सोनाराला घाई. आण्णांनी बांगड्या वितळवल्या, लगड केली, काट्यात घातली आणि सवयीनं पडद्याकडं वळून ओरडले, "अगं, अडुसष्ट!"

पडदा हलला नाही.

तात्या गादीवर लोडाला टेकून पान लावत होते. ते खदखदून हसले. "बायकू न्हाई तर चांदी बी गावंना व्हय रं तुला?"

"लक्ष्मी हाय ती. बाईच्या हातनं घ्यायचा नेम हाय आपला," आण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. भट्टीजवळ असतोच.

"मग ही बी लक्ष्मीच की!" तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ये गं. अडुसष्ट त्रिक किती, काढ. झाली तुझी परीक्षा. बरूबर आलं तर तुझी आई म्हणंल ती शाळा. चुकलं तर उद्याच्या गाडीला माझ्यासंग. मी जरा पाठ टेकतो. बाळ्या, हिला मदत करशील तर बघ." आणि पानाचा तोबरा भरून ते आत जाऊन आडवे झाले.

मी पाटी घेऊन ऐरणीशेजारी बसले. आठ त्रिक चोवीस. चोवीसातले चार लिहिले, हातचे दोन. सहा त्रिक अठरा मला येत होतं. पण मेव्हण्याच्या पोराचं तोंड कसं असेल हे डोक्यात आलं, आणि हातचे दोन मिळवताना अठरातला एक कुठं गळाला कोण जाणे. आठ आणि दोन दहा झाले.

"किती?" आण्णांनी विचारलं.

"एकशे चार."

सवयीनं मी हात पुढं केले. आण्णांच्या हातात या वेळी उजळणी नव्हती. ते माझ्या पाटीकडं बघत राहिले.

"नक्की?"

"नक्की."

"शाब्बास," आण्णा म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. भट्टीच्या कामानं तो हात खरखरीत झाला होता आणि माझे केस त्यात अडकले. आयुष्यात पहिल्यांदा मला गणितात कुणी शाब्बास म्हटलं होतं. मी परसात जाऊन तोंड धुतलं आणि एकटीच हसत बसले. ते कुणाला सांगावं असं इतकं वाटत होतं की मी तेजाबाच्या बरणीला सांगितलं.

परत आले तेव्हा आण्णा आईच्या फडताळातली चांदी काढून तराजूसमोर उभे होते. पारड्यातल्या चांदीच्या ढिगाकडं त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मग आत झोपलेल्या तात्यांकडं, मग दाराकडं. शेवटी चांदी मुशीत टाकली. वितळलेला रस पाण्याच्या घमेल्यात ओतून त्याचे दाणे पाडले, दाणे हंडीत घातले आणि वरून तेजाब सोडलं. तांबडा धूर उठला.

उन्हं उतरायला लागल्यावर तात्या उठले. खाकरत परसात आले, धोतराचा सोगा नाकाला लावून हंडीत वाकले.

"धूर का थांबला?"

तात्यांनी काचेची कांडी हंडीत घालून दाणे ढवळले. ते खडखडले. तेजाबानं खाल्लेले दाणे मऊ पडतात, हे मलासुद्धा माहीत होतं.

"तेजाब चावंना झालंय. चांदी किती घातली?"

"एकशे चार," आण्णा म्हणाले.

"किती?"

आण्णा तात्यांकडं बघत होते. आणि मग एकदम माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. भीती होती, आणि ती रागाहून वाईट असते.

त्यांनी माझी वेणी धरली आणि ओढत दुकानात आणलं. हाताशी पितळेची फुंकणी होती, ती उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानात घंटा वाजायला लागली आणि त्या घंटेतून आण्णा ओरडताना ऐकू येत होते, "एकशे चार? एकशे चार? कुठनं आणलंस एकशे चार? माझी अब्रू घालवलीस!" मी डोकं झाकायला हात वर घेतले. फुंकणी हातावर आली. काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि माझं अंगठीचं बोट भलत्याच दिशेला वळलं. मी बोटाकडं बघत राहिले. दुखायला नंतर लागलं.

"हाण," तात्या मागून म्हणाले. ते पुन्हा गादीवर टेकले होते. "असंच शिकावं लागतं. मोडलं तरी जुळतं ह्या वयात."

आण्णांनी मला लाथ घातली. मी कोळशाच्या टोपलीवर पडले. तोंडात कोळशाची भुकटी आणि रक्त. फुंकणी पुन्हा वर गेली, तेवढ्यात दारात आई उभी दिसली. हातात भलंमोठं पाकीट, पायात अजून चपला. तिनं पाकीट खाली टाकलं आणि मधे येऊन आण्णांना दोन्ही हातांनी ढकललं. ते ऐरणीवर जाऊन आपटले.

"काय केलं पोरीनं?"

"चांदी चुकवली!" आण्णा ओरडले. "अडुसष्टला एकशे चार सांगितली! डाग नासला!"

आणि मी बोलले. कोळसा थुंकत बोलले. मला न्याय मागायचा नव्हता की कुणाला पकडायचं नव्हतं. माझ्याकडं तेवढी एकच चांगली गोष्ट होती आणि ती हे लोक काढून घेत होते, म्हणून बोलले.

"आण्णा मला शाब्बास म्हणाले होते."

भट्टीत एक निखारा तडकला.

तात्या सावकाश उठून बसले. "शाब्बास म्हणालास?"

आण्णा ऐरणीला धरून उभे होते.

"पोरगीनं चूक सांगितलं, आन् तू शाब्बास म्हणालास. का रं? तुला कळलं न्हाई चुकलंय म्हणून?" तात्या गादीवरून उतरले. कोपऱ्यात टेकवलेला चिंचेचा फोक त्यांनी घेतला. "अडुसष्ट त्रिक किती, बाळ्या?"

आण्णांनी सवयीनं पडद्याकडं तोंड वळवलं.

"बरं, सोपं घे. पंधरा साते?"

आण्णांनी हात पुढं केला. तळहात वर, बोटं जुळवलेली, अंगठा आत. अगदी मी धरायची तसा. चाळिशीचा माणूस, दुकानाचा चालक, माझा बाप. त्यांना कुणी हात पुढं कर म्हटलं नव्हतं.

तात्यांनी फोक मारला. "वीस वर्सं मला फसवलंस?" पुन्हा मारला. "वीस वर्सं?" तळहात फुटला, रक्त मनगटावरून कोपराकडं ओघळलं. आण्णांनी तो हात खाली घेतला आणि दुसरा पुढं केला. आता मला दया आली असं मी म्हणायला हवं. नाही आली. बोट ठणकत होतं आणि मला बघायचं होतं की त्यांना लागतंय. लागत होतं. ते लहान पोरासारखे नाकातून रडत होते.

"दोनशे चार."

मी चमकून बघितलं. आई बोलली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. सरळ तात्यांकडं बघत होती.

"अडुसष्ट त्रिक दोनशे चार. पंधरा साते पाचोदरशे. आन् काय इचारायचं असंल तर मला इचारा, भावजी. लगीन होऊन आले त्या महिन्यापास्नं ह्या दुकानची चांदी मीच काढती. त्यांना येत न्हाई. तुमी एवढं मारलंत तरी आलं न्हाई, आन् तुमच्या भ्यानं ते तुमाला सांगता बी आलं न्हाई."

घरच्या बाईच्या हातून लक्ष्मी घ्यायचा नेम. पडद्याकडं तोंड करून मारलेली ती हाक. उजळणीत आधी बघून मग मारलेली सळई. सगळं माझ्यासमोर रोज घडत होतं.

तात्यांचं तोंड काळवंडलं. "बाईनं काढल्याल्या हिशेबावर सोनं गाळतूस? ए, गप ऱ्हा गं तू! थोरल्या दिराम्होरं तोंड वर करून..." आणि त्यांनी फोक आईवर उगारला.

पहिला फटका आईच्या गालावर बसला. दुसरा बसला नाही. भट्टीत मुशीची सांडशी टोकापर्यंत लाल होऊन पडली होती. आईनं पदर हाताला गुंडाळून ती ओढली आणि तात्यांच्या उगारलेल्या हातावर घातली. मनगटापासून कोपरापर्यंत. चामडी जळायचा वास आला. तात्या जे ओरडले ते मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. फोक गळून पडला, ते गुडघ्यावर आले, आणि आई सांडशी तशीच धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भाईर व्हा," ती म्हणाली.

"दुकान माझं हाय," तात्या दात खात म्हणाले.

"दुकान तुमचं. चांदी माझ्या हातची. उद्यापास्नं तुमी बसा आन् तुमीच काढा."

तात्या गेले. जळलेला हात छातीशी धरून, गोणी आणि पुस्तकं तिथंच टाकून. दुकान त्यांनी काढून घेतलं नाही. चालवायला दुसरं कोण होतं?

आई आत गेली, फडताळ उघडलं आणि वाटीत चांदी आणून ऐरणीवर ठेवली. शंभर ग्रॅम. "ही घालून परत वितळवा," ती म्हणाली. एवढंच होतं ते. पुन्हा वितळवायचं, पुन्हा दाणे पाडायचे, पुन्हा तेजाब. काही नासलं नव्हतं. माझं बोट उगीचच मोडलं होतं.

मग तिनं चिंचेचा फोक गुडघ्यावर मोडला, त्याचे दोन तुकडे माझ्या बोटाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधले. मी किंचाळले तेव्हा म्हणाली, "वरड. जोरात वरड. कुणी काय म्हणत न्हाई." त्या बोटात अजून अंगठी शिरत नाही.

दिवा लावल्यावर तिनं ईरोडहून आणलेलं पाकीट उघडलं आणि जमिनीवर फॉर्म पसरला. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही तळहात हळदीनं माखलेले, मांडीवर उघडे. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांच्याकडं बघतही नव्हती.

"विषय निवडायचे," ती मला म्हणाली. "दहावीला गणित घ्यायलाच पायजे असं न्हाई. त्याबदली दुसरं चालतं. चित्रकला हाय. गृहविज्ञान हाय. मी दोनदा इचारून घेतलं. पायजे तर घे, नको तर सोड. तुझं तू ठरव."

आपण ठरवायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी डाव्या हातानं बोट ठेवत गेले, आणि गणितावरून बोट पुढं सरकवताना सवयीनं दुसरा हात मागं घेतला. कुणी मारलं नाही. आईनं चित्रकलेपुढं खूण केली.

"त्याला वयाची अट असती का?"

आण्णांचा आवाज घोगरा होता. आईचं पेन थांबलं.

"राजे," ती फॉर्मवरची नजर न काढता म्हणाली, "तुझ्या आण्णांना सांग, कमीत कमी चौदा. जास्तीचं कायबी लिहिल्यालं न्हाई."

मी सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं होतं.

आईनं पाकिटात हात घातला आणि दुसरा फॉर्म बाहेर काढला. कोरा. ती सकाळी ईरोडला गेली तेव्हाच दोन घेऊन यायचं ठरवून गेली होती.

"राजे, हा त्यांना दे. द्यायचा असंल तर."

मी फॉर्म घेतला आणि आण्णांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली. माझ्या बोटाला बांधलेल्या फोकाच्या तुकड्यांकडं बघितलं. मला रडू येत नव्हतं. माझ्या अंगात त्या वेळी नुसता राग होता, कानापासून पायापर्यंत, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"पंधरा साते?" मी विचारलं.

आण्णांचे हात आपोआप उचलले गेले. हळद लागलेले, फुटलेले दोन्ही तळहात माझ्यासमोर उघडे झाले. मी वाट बघितली.

"येत न्हाई मला," ते म्हणाले.

"मला बी न्हाई," मी म्हणाले, आणि फॉर्म त्या हातांवर ठेवला.